सांभाराच्या जुड्या

सांभाराचा, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीचा, ओला वास आला की मला आंजीतलं आमचं जुनं अंगण दिसतं. कॉलेजात शिकणारी माझी चुलतबहीण वैशू मेक्सिकोला निघाली होती. तिथं अनाथ मुलांत काम करायचं आणि स्पॅनिश शिकायचं. बाजारासाठी आम्ही दोघी जुड्या बांधत होतो. सराव म्हणून ती त्या आतापासूनच स्पॅनिशमध्ये मोजत होती. मला कधी शाबास न म्हणणारे माझे बाबा तिला म्हणाले, "अजून मोज नं पोरी, कानाले गोड लागून राह्यलं." माझा असा जळफळाट झाला, की मी सुतळी आवळून देठच तोडले.

परवा वैशू फोनवर हसत म्हणाली, "मी तं सारं विसरली बाई."

मी मात्र तेव्हा तिचं ऐकून पाठ केलेले आकडे म्हणत जुड्या अजून स्पॅनिशमध्येच मोजते. बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.