तो आज उठला न्हाय

"उठ गं. तो आज उठला न्हाय," आई मला हलवत म्हणाली.

तो म्हणजे कम्प्युटर. आमच्या घरात आता आई आणि मी, दोनच माणसं, त्यामुळे 'तो' कोण हे विचारायची गरज नव्हती. मी कूस बदलली. "लाईट गेली असेल."

"लाईट हाय. पंखा फिरतोय की तुज्या डोक्यावर."

मग उठावंच लागलं.

कम्प्युटर अण्णांचा. माझे वडील चादरीच्या कारखान्यात डिझाइन करायचे, आधी आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवून, नंतर कम्प्युटरवर. रिटायर झाल्यावर लोक देवदेव करतात, ह्यांनी मदरबोर्ड उघडला. त्या बोर्डावर नखाएवढी एक चिप असते. बटण दाबलं की मशीनला जागं करून कामाला लावणारा प्रोग्रॅम तिच्यात असतो, बायोस म्हणतात त्याला. अण्णांनी तो बाहेर काढला, त्यात फेरफार केले आणि पुन्हा आत भरला. दोन बोर्ड बाद झाले, मग कुठं जमलं. एवढा खटाटोप कशासाठी? तर मशीन सुरू होताना कंपनीचं चित्र दिसतं, त्या जागी ह्यांना आपल्या डिझाइनची मोरांची चादर पाहिजे होती.

"जल्मभर दुसऱ्याच्या लेबलखाली विकली की. हितं तरी आपली दिसू दे," म्हणाले.

"म्हातारपणी चळ लागलाय," आई म्हणाली.

आणि त्या डब्याचा आवाज! पंखा सुरू झाला की गिरणी लागल्यासारखं घर घुमायचं. अण्णा रोज उजाडायच्या आत बटण दाबायचे आणि मी आतल्या खोलीतून ओरडायचे, "अण्णा, बंद करा ते!" बाहेरून उत्तर यायचं, "उठली वाटतं म्हाराणी." टॉवेल एक्स्पोर्टवाल्याकडे नोकरीला लागल्यापासून मला दुसरा गजर कधी लावावा लागला नाही.

उन्हाळ्यात अण्णा गेले. ऑपरेशनसाठी म्हणून दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. मला रडू आलं नाही. आता फुटेल, मग फुटेल, म्हणून बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी पाहुण्यांना पाणी देत फिरत होते. नंतरही तसंच. दुःख झालं म्हणावं तर तेही नाही. डोक्यावरून जाड पांघरूण घेतलं की बाहेरचं जसं लांबून ऐकू येतं, तसं सगळं. ऑफिसला रोज उशीर व्हायचा. साहेब काही बोलत नव्हते. बोलले असते तरी काय फरक पडला असता म्हणा.

अण्णा नव्हते, पण कम्प्युटर मात्र रोज पहाटे आपोआप सुरू व्हायचा. आई सांगायची म्हणून माहीत. मला तो ऐकूच यायचा नाही. ठरल्या वेळी मशीननं स्वतःच चालू व्हावं, अशी सोय बायोसमध्ये असते. अण्णांनी कधीतरी लावून ठेवली असणार, असं मी धरून चालले. आई तिथं खुर्ची टाकून बसायची, समोर दोन कप चहा. मी उठेपर्यंत एक रिकामा झालेला असायचा आणि दुसऱ्यावर साय धरलेली. तो मी मोरीत ओतायचे. गेलेल्या माणसासाठी चहा ठेवून काय होणार आहे, असं एकदा बोलणार होते. मग म्हटलं, ठेवू दे बाई, तिला बरं वाटत असेल तर.

तर त्या दिवशी मी बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. स्क्रीनवर नुसता काळोख. रात्रभर लाईट ये-जा करत होती, त्यात चिपमधला प्रोग्रॅम बिघडला असणार. पुण्याहून भाऊ फोनवर म्हणाला, "भंगारात देऊन टाक. मी नवा लॅपटॉप पाठवतो." फोन स्पीकरवर होता. आईचं तोंड एवढंसं झालं.

"व्हईल का गं तुज्याच्यानं?" तिनं मला विचारलं. "तू बसायचीस की त्येंच्यापाशी, बॅटरीचा उजेड धरून."

बसायचे खरी. हौस म्हणून नाही, अण्णा हाक मारायचे म्हणून.

रविवारी दुपारी मी त्यांचा बिस्किटाचा डबा काढला. आत चिमट्यासारखी क्लिप आणि तिला जोडलेला बोटाएवढा प्रोग्रॅमर. क्लिप चिपवर बसवायची, दुसरं टोक माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला लावायचं. क्लिपची लाल वायर चिपवरच्या ठिपक्याकडे. उलटी बसली तर कारभार आटोपला. आधी चिपमधलं जुनं लॅपटॉपवर काढून ठेवायचं, मग नवं भरायचं, ही अण्णांची शिस्त. बिघडलेलं होतं तरी मी ते काढून ठेवलं. हात आपोआप करत होते, मी बघत होते.

आता भरायचं काय? अण्णांच्या पेनड्राइव्हवर त्यांची मोरांची फाइल होती आणि कंपनीच्या साइटवर साधी, कोरी. कुणी सांगावं, अण्णांच्या उचापतींनीच बिघडलं असेल. उगीच भानगड नको म्हणून मी कोरी भरली. बटण दाबलं. कंपनीचं चित्र आलं, कम्प्युटर सुरू झाला.

"झालं बघ."

"मोर कुटं गेलं?"

"चालू झाला ना? बास की मग."

मला आनंद झाला नाही, काहीच झालं नाही. भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली आणि झोपले.

सकाळी उठले तर आई खुर्चीतच. दोन्ही कप भरलेले, दोन्हींवर साय. कम्प्युटर गप्प.

"कोरी फाइल भरली ना, वेळेचं सेटिंग पुसलं गेलं असणार," मी म्हणाले. "एवढं काय त्यात? रोज तू बटण दाबत जा."

आई एकदम उसळली. "मी दाबून काय उपेग? मला काय येडी समजतीस? मशीन हाय ते, मला ठावं हाय. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी लावलं त्येंनी ते. दम लागत हुता, तरी हितंच बसलेले. मी म्हणलं, पडा की जरा. तर म्हणले, मी न्हाय आलो माघारी, तर सकाळचं घर गप नको."

"आदल्या दिवशी?"

"मग! त्याच्या आदी रोज हातानंच दाबायचे की. तूच तर वरडायचीस."

खरंच की. हातानंच दाबायचे. एवढे महिने माझ्या डोक्यात हे आलं कसं नाही?

मी ऑफिसला फोन करून रजा टाकली. पेनड्राइव्हवरची शेवटची फाइल बघितली. त्याच आदल्या दिवशीची होती. अण्णांनी सगळी चिप जशीच्या तशी उतरवून ठेवली होती, मोरांसकट आणि पहाटेच्या त्या वेळेसकट. बोर्ड पुन्हा उघडला. ह्या खेपेला क्लिप बसेना, सारखी घसरायची. भीती वाटत होती, सरळ भीती. हे चाललं नाही तर आईला काय तोंड दाखवू?

आई बॅटरी घेऊन शेजारी येऊन बसली. "कुटं धरू?"

"हितं. हलवू नको," मी म्हणाले. अण्णा मला अगदी असंच म्हणायचे.

फाइल भरली, तपासली, बटण दाबलं. थोडा वेळ काळोख. मग मोर आले, किनारीसकट. आईनं पदर तोंडाला लावला.

"लगेच रडू नको. अजून सकाळ बाकी आहे," मी म्हणाले आणि मशीन बंद केलं.

त्या रात्री जागीच राहायचं ठरवलं होतं, पण कधी डोळा लागला कळलं नाही. आणि मग गिरणी लागली. कानात, खोलीत, भिंतीत सगळीकडे तो आवाज.

"अण्णा, बंद करा ते!" मी ओरडले.

ओरडले आणि मग पुरती जागी झाले. बाहेरून कुणी म्हाराणी म्हणालं नाही. पंखा तेवढा घुमत होता.

मी बाहेर आले. आई खुर्चीत होती, समोर दोन कप. वाफ निघत होती. तिनं भरलेला कप माझ्याकडे सरकवला.

"अण्णांचा आहे ना तो?"

"त्येंचा कशाला? त्येंना आता चहा कुटं पोचतोय? तुजाच हाय. पयल्या दिवसापास्नं तुजाच." ती माझ्याकडे बघत नव्हती, मोर येऊन गेलेल्या स्क्रीनकडे बघत होती. "म्हणले हुते, पोरीला दुसऱ्या कशानं जाग येत न्हाय. ह्याच्यानं उठंल, वरडंल, मग तिला चहा दे. मी हाक मारली असती की. पण म्हणलं, तुजं तू उठावंस."

मी घोट घेतला. चहा गोड होता. अण्णांना डायबेटिस, त्यांच्या चहात कित्येक वर्षं साखर नव्हती. एवढे महिने मी तो कप रोज मोरीत ओतला आणि एकदाही चव बघितली नाही.

घशातून कसला तरी आवाज आला आणि तो माझाच होता.

"आदी चहा पी," आई म्हणाली. "गार व्हतोय. मग रड."