उंदराचं औषध आणि माझा दणका

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. एकदा सुरू केलं की मी थांबणार नाही, कारण थांबलो तर पुढचं सांगायची हिंमत होणार नाही. भल्याभल्या अधिकाऱ्यांना घाम फोडणारा मी, खामगावातला जुना वार्ताहर, सपशेल तोंडावर पडलो. आणि पडलो कोणामुळे? मंत्र्यामुळे नाही, ठेकेदारामुळे नाही. उंदरांमुळे!

माझ्या पत्रकारितेचं एकच सूत्र आहे. काम अडलंय म्हणजे कोणीतरी अडवलंय. पूल अर्धवट आहे? ठेकेदार शोधा. नळाला पाणी नाही? साहेब शोधा. मुतारीला कुलूप आहे? किल्ली कोणाच्या खिशात आहे ते शोधा. नाव छापलं की दुसऱ्या दिवशी कुलूप उघडतं, आणि तिसऱ्या दिवशी आपण चौकटीत छापायचं, 'बातमीचा दणका!' या सूत्राने मला कधी दगा दिला नव्हता.

आता माझे साडभाऊ. प्रभाकर. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोन बहिणींची लग्नं एकाच मांडवात लागली, त्यामुळे आमच्यात मानपान नाही. तो मला दिल्या म्हणतो, मी त्याला पर्‍या. जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी केली आणि जन्मभर गालात तंबाखू-सुपारीच्या खर्‍याची गोळी ठेवली. त्याच गालात गाठ निघाली. अकोल्याला किमो सुरू झाली. गाठ उतरत होती, पण माणूसही उतरत होता. केस गेले, चव गेली, सलाईन लागलं की चार-चार दिवस उलट्या. डॉक्टर म्हणाले होते, गुण येतोय, मध्ये सोडू नका.

हे असं चालू असताना आमच्या कॉलेजात एक व्याख्यान ठेवलं. वक्त्या डॉ. वैशाली, मूळ जानेफळच्या. शेतकऱ्याची मुलगी, मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत कॅन्सरवर संशोधन करते, सुटीत गावी आलेली. मी पहिल्या रांगेत. तिने पडद्यावर दोन उंदीर दाखवले. एकाच्या बगलेत लिंबाएवढी गाठ. दुसऱ्याची गाठ औषधाने गेलेली, आणि तो असा ताठ बसलेला की जणू सरपंचपदाला उभा राहणार आहे!

मी उठलो. "मॅडम, हे औषध रुग्णांना कधी मिळणार?"

"सांगता येत नाही. बरीच वर्षं लागतील. कदाचित कधीच नाही."

"कधीच नाही? गाठ गेलेली तुम्हीच दाखवलीत ना आत्ता?"

"उंदराची गेली."

"मग माणसाने काय घोडं मारलंय?"

टाळ्या! टाळी वाजली की माझं डोकं बंद होतं, असं बायको म्हणते. मला ते पटत नाही, कारण टाळ्या वाजत असताना मला तिचं ऐकू येत नाही.

"काम कोणी थांबवलंय, ते नाव सांगा," मी गरजलो.

"मीच थांबवलंय," ती शांतपणे म्हणाली. "प्रयोग पुन्हा केला तेव्हा काही उंदरांचं लिव्हर बिघडलं. ते का बिघडलं हे कळल्याशिवाय पुढे जायचं नाही."

हे दुसरं आणि तिसरं वाक्य माझ्या कानावर पडलं नाही असं नाही. पण पहिल्या वाक्यालाच मला मथळा सुचला होता. मथळा सुचल्यावरही ऐकत बसणारा वार्ताहर मी तरी पाहिलेला नाही.

सकाळी पान एकवर: 'उंदीर ठणठणीत, माणूस वाऱ्यावर!' त्याखाली: 'कॅन्सरचं औषध तयार, संशोधिकेनेच रोखलं.'

काय सांगू, फोन थांबेनात! मलकापूरहून एका गोदामवाल्याचा फोन आला. "साहेब, आपल्या गोदामात उंदीर लय हायेत. त्या बाईच्या कामी येतीन का? घेऊन जा म्हना, सगळे देतो!" गावातल्या एका संघटनेने तहसीलदारांना निवेदन दिलं. आठ दिवसांत औषध उपलब्ध न झाल्यास रास्ता रोको! तहसीलदारांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "पुरवठा विभागाकडे वर्ग करतो." म्हणजे रेशनच्या तांदळासोबत कॅन्सरचं औषध! दुसरा कोणी असता तर तिथेच शहाणा झाला असता. मी चौकट छापली: 'बातमीचा दणका! प्रशासन हललं!'

त्याच दिवशी कुसुमताईंचा फोन. कुसुमताई म्हणजे प्रभाकरची बायको.

"दिलीपराव, तुमची बातमी यांनी कापून देवाजवळ ठेवली."

"अरे वा!"

"वा काय? सोमवारी अकोल्याले जात नाही म्हनतात. मी रडून पाह्यलं, पोरीनं फोन करून पाह्यलं. आता तुम्हीच या."

गेलो. प्रभाकर टकलावर रुमाल बांधून पलंगावर बसलेला. किती दिवसांनी हसत होता!

"ये बे दिल्या! वाचवलं मले तुनं!"

"पर्‍या, सोमवारी सलाईन हाय ना तुह्यं?"

"हुड! मी काऊन जाऊ? ते लावतात अन् मी घरी येऊन आतडे बाहेर काढतो. इकडे औषध तयार हाय. गाठ जाते, उंदीर टुणटुण उड्या मारते. प्रशासन हललं म्हनून तूच लिहिलं ना? आलं की तेच घेतो."

"अबे, ते अजून माणसाले देतच नाहीत."

"दाबून ठेवलं म्हनून देत नाहीत."

"दाबलं नाही कोणी."

"तूच लिहिलं."

"मी चुकलो ना, बाप्पा!"

त्याने मला हाताला धरून जवळ ओढलं. मग आवाज खाली करून, मायेने विचारलं, "कोनं दम देल्ला तुले? का पाकीट आलं?"

ऐकलंत? ज्या माणसासाठी मी पेटून उठलो, तो मला विकला गेलेला समजत होता! आणि त्याचं काय चुकलं? नकार देणारा माणूस काहीतरी लपवतोय, हे याच प्रभाकरला मी वर्षानुवर्षं दररोज सकाळी छापून वाचायला देत आलो.

मी धावत कार्यालयात आलो. वैशालीचा खुलासा येऊन पडलेला होताच. साधा, स्वच्छ लिहिलेला: औषध तयार नाही, प्रयोग प्राथमिक आहेत, कोणीही सुरू असलेले उपचार बंद करू नयेत. एरवी आम्ही खुलासा आतल्या पानावर, केसतोडावरच्या मलमाच्या जाहिरातीखाली ढकलतो. या वेळी संपादकांशी भांडून तो पान एकवर लावला, वरच्या बाजूला, ठळक. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बातमीविरुद्ध भांडलो आणि जिंकलो.

सकाळी प्रभाकरचाच फोन. म्हटलं, देव पावला.

"दिल्या, पाह्यलं का? घाबरली! खुलासा देल्ला तिनं!"

"अबे, त्यात काय लिहिलं ते तं वाच."

"वाचाचं काय त्यात? तूच सांगत असतो, खुलासा आला म्हंजे बातमी पक्की. अन् एवढा मोठा खुलासा? म्हंजे औषध आलंच समज!"

आता बोला!

शनिवार उजाडला होता. मोटारसायकल काढली आणि जानेफळ गाठलं. वैशालीचं घर विचारावं लागलं नाही. जिथे जीप, रिक्षा आणि दुचाक्या लागल्या होत्या, तेच घर. अंगणात माणसं बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर एक्स-रेची पिशवी. तिच्या वडिलांनी मला ओळखलं.

"या, साहेब. तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो. माही तूर सोंगाची-कापाची राह्यली वावरात, अन् मी अथी लोकायले चहा पाजून राह्यलो. तुमी पन घ्या."

चहा घेतला. नाही कसं म्हणणार?

ओसरीवर वैशाली एकेकाचे कागद पाहत होती आणि प्रत्येकाला एकच सांगत होती, "माझ्याकडे औषध नाही. तुमच्या डॉक्टरांकडे परत जा." माणसं मान हलवत होती आणि उठत नव्हती. मी पुढे झालो.

"मी माफी मागायला आलोय."

तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "रांगेत बसा."

बसलो. ज्याच्या नावाने अधिकारी खुर्चीतून उठतात, तो मी, दोन आजारी माणसांच्या मध्ये, पोत्यावर. शेजारच्याने विचारलं, "तुमाले गाठ कोठी हाय?" मी म्हटलं, "डोक्यात." तो बिचारा सरकून बसला.

माझा नंबर आला. भाषण तयार होतं, जमलं नाही. म्हटलं, "माझे साडभाऊ आहेत. गालाचा कॅन्सर आहे. किमोने गाठ उतरतेय. परवा पुढचं सलाईन आहे आणि ते जात नाही म्हणतात. तुमच्या औषधासाठी थांबलेत. माझ्यामुळे."

मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार. ती ताडकन उठली आणि चप्पल शोधू लागली. तोवर पुस्तकी बोलणारी बाई एकदम जानेफळची झाली. "मंग चला ना! बसून काऊन राह्यले?"

प्रभाकरने तिला दारात पाहिलं आणि मोठ्या आदराने विचारलं, "तुमीच का त्या, औषध दाबनाऱ्या?"

"हो, मीच."

"काऊन दाबलं, माय?"

"काका, तुम्हाला सलाईनमधून जे देतात ना, तेही कधीतरी उंदरालाच दिलं होतं."

प्रभाकरने रुमाल सारखा केला. "मले उंदराचं देऊन राह्यले?"

"उंदरात चाललेली कितीतरी औषधं माणसात फसतात. तुमचं टिकलं. आधी थोड्या माणसांना, थोडं थोडं देऊन पाहिलं, किती झेपतं, काय त्रास होतो. मग जास्त माणसांना. मग जुन्या औषधापेक्षा हे चांगलं आहे का ते ताडून पाहिलं. तुमच्यासारखीच आजारी माणसं होती ती. ती तयार झाली म्हणून आज तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे, तुम्हाला किती द्यायचं. माझं औषध अजून पिंजऱ्यातच आहे. गाठ घालवतं आणि लिव्हर खातं. देऊ तुम्हाला?"

कुसुमताई स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक चावत उभ्या.

"म्हंजे," प्रभाकर हळूहळू म्हणाला, "माह्यं औषध परीक्षा पास हाय."

"हो."

"अन् तुमचं?"

"परीक्षेला बसायचं आहे अजून. बसू देतील की नाही तेही ठरायचंय."

प्रभाकरने माझ्याकडे पाहिलं. "अन् ह्या बह्याडानं पेढे वाटले!"

तो सोमवारी जायला तयार झाला. अट एकच. "हा संग येईन. अन् उलटीचं भांडं ह्यानं धराचं." कितीतरी दिवसांनी कुसुमताई हसल्या. माझ्या खर्चाने का होईना.

सोमवारी आम्ही अकोल्यात. लांबट खोली, ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीजवळ टांगलेली बाटली आणि थेंब मोजणारं मशीन. प्रभाकरच्या हातात सुई, माझ्या हातात भांडं. शेजारच्या खुर्चीत एक आजी, तिकडे नांदुऱ्याजवळच्या कुठल्या खेड्यातल्या. त्यांच्याही हाताला नळी. माझ्या सदऱ्याच्या खिशातलं पेन त्यांनी पाहिलं.

"बाप्पू, तुमी शिकले-सवरलेले दिसता. पेपरात आलं थे उंदराचं औषध, खरं हाय का हो? माहा पोरगा म्हनते, हे सोडून दे माय, थे येऊन राह्यलं."

प्रभाकरने डोळे मिटून घेतले. झोपल्याचं सोंग. खांदे मात्र हलत होते.

मी भांडं खाली ठेवलं आणि आजींजवळ सरकलो. सगळं सांगितलं. उंदीर, लिव्हर, थोडी माणसं, जास्त माणसं, मग ताडून पाहणं. घाई केली तर माणूस हकनाक जातो आणि म्हणून ती बाई थांबलीय. कोणी दाबलं नाही, कोणी लपवलं नाही. आजी, तुमचं हे चालू आहे ते सोडू नका, पोराला फोन लावून द्या, मी बोलतो. त्याच्याशीही बोललो. आवाज चढवला नाही, कोणाला खलनायक केलं नाही. मी म्हणतो म्हणून नव्हे, पण इतकं सरळ मी कधीच काही सांगितलं नव्हतं.

आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग मोकळा हात माझ्या हातावर ठेवला.

"किती चांगलं समजून सांगता, बाप्पू! नाई तं थो पेपरवाला मेला! तुमच्यासारखा एखादा मानूस पेपरात पाह्यजे होता."

प्रभाकरला राहवलं नाही. तो असा हसला की बाटली हलली, नळी ताणली, मशीन टीं टीं करू लागलं. सिस्टर पळत आली. "काय झालं काका? दुखतंय का कुठे?"

डोळ्यांतलं पाणी पुसत त्याने माझ्याकडे बोट केलं.

"मले नाई, सिस्टर. याले पाहा. याले दुखून राह्यलं."