मायच्या ब्रशचा केस

माही माय भद्रावतीच्या कारखान्यात चिनी मातीच्या प्लेटांवर देव रंगवायची. भिंतीवर टांगायच्या प्लेटा त्या. राधाकृष्ण, गणपती, लक्ष्मी. एकदा बाळकृष्णाच्या खांद्यावर तिच्या ब्रशचा केस सुटून रंगात अडकला, भट्टीत जळला अन् काळी बारीक रेघ राह्यली. कारखान्यानं ती प्लेट बाद केली, म्हणून तं ती आमच्या घरी आली. माय गेल्यावर तिच्या हातचं माह्याजवळ तेवढंच उरलं.

राजुऱ्यात माह्या मोठ्या जावेनं नवं घर बांधलं. वास्तूच्या वेळी "चार दिवस शोभेले दे" म्हणून प्लेट नेली अन् हॉलमधे टांगली. टांगली ते टांगलीच. मायच्या हातची हाये म्हणून मी परत मागितली तं चार बायांसमोर म्हणते कशी, "देव काऊन मागून राह्यली वं? देव का कोणाच्या मायचा असते?" साऱ्या खिदळल्या. मी पण हसली. पण पोटात असा जाळ पेटला, का त्याच्यावर भाकर भाजली असती. मनात म्हटलं, थांब बाई, तुही जिरवीनच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाले तिचा हॉल बायांनी भरला होता. गोड बोलाचा दिवस. मी तिळाचा लाडू तोंडात टाकला, भिंतीपाशी गेली अन् साऱ्यांले आयकू जाईन असं ओरडली, "अवो माय! बाई, देवाले तडा गेला!"

साऱ्या उठल्या. कोणी चष्मा लावला. शेजारची म्हातारी म्हणे, "भंगलेला देव घरात ठेवत असते का? म्हणून तं तुह्या पोराचं लग्न जमून नाई राह्यलं!" मी तोंडाले पदर लावला. हसू दाबाले लावला, बायांले वाटलं घाबरली. जाऊ पांढरीफटक. देवाले हात लावाची तिची हिंमत होईना.

"तूच काढ वं," म्हणे, "अन् तूच वर्धा नदीत शिरवून ये."

मी प्लेट पदरात गुंडाळली, नदीकडे पाह्यलं बी नाई. सीधी घरी आली अन् माह्या स्वयंपाकखोलीत, ओट्याच्या वर टांगली. वाईट वाटलं का? काहीच नाई. उलट त्या दिवशी जेवण जास्तच गेलं.

मंग मी तिले मुद्दाम चहाले बोलावलं. ओट्याजवळच खुर्ची टाकली. तिनं वर पाह्यलं अन् कप हातातच राह्यला.

"अवो, हा तं भंगलेला..."

"नख फिरवून पाहा, बाई."

तिनं भीतभीत फिरवलं. नख गुळगुळीत गेलं, कुठीच अडकलं नाई.

"तडा नाई तो. माह्या मायच्या ब्रशचा केस हाये. देव कोणाच्याच मायचा नसन, बाई. केस माह्याच मायचा हाये."

तिचा चहा थंडा झाला. मी गरम करून नाई देला.