शबानाचे डोळ्यांचे थेंब

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि शबानाला तर — तिला कोणत्या तोंडानं सांगू?

शबाना आमची गारखेड्यातली शेजारीण. ब्लाउजवर आरीकाम करते, आकड्याच्या सुईनं बारीक नक्षी भरते. डोळ्यांवरच तिचं पोट. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालसर मांस वाढलं. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, कापायची घाई नको. काही महिने नेमानं थेंब टाका, विरून जाईल. फक्त औषध थंड राहिलं पाहिजे. तिच्याकडं फ्रिज नव्हता. चालू बाटली ती माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायची. जास्तीच्या बाटल्या माझ्या हातात देत म्हणाली, "वैनी, तुमच्याकडं हाये म्हणल्यावर मला फिकीर नाय."

पुढं रमजान लागला. थेंब घशात उतरतात, रोजा तुटंल, म्हणून दिवसाचे थेंब ती सोडायची. पहाटे सहेरीला आणि संध्याकाळी इफ्तारनंतरच टाकायची. आणि मी? घरच्यांसह भावाच्या लग्नाला पाचोडला गेले. गावी निघताना मेन स्विच बंद करायचा, ही सासूबाईंपासूनची आमच्या घरची शिस्त. केला बंद. बाटल्या आठवल्याच नाहीत.

परतले तर दूध नासलेलं, बाटल्या कोमट. डॉक्टरांना एकदा विचारायचं — एवढंच होतं ना? मी फ्रिज पुसला, बाटल्या पुन्हा गार केल्या, आणि ती मागायला आली तेव्हा हसून दिल्या. विसरले ती चूक होती. हे मात्र मी समजून-उमजून केलं.

मांस वाढतच गेलं. शेवटी कापावं लागलं — आणि ते परत आलं. डॉक्टरांनी विचारलं, थेंब नीट टाकले होते ना? मी शेजारीच बसले होते. शबाना रडायला लागली. "रोज्यात कमी टाकले, साहेब. माझंच चुकलं." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि मी — मी मान हलवली. व्हय म्हणाले.

तिच्या रोज्यांनी बिघडलं की माझ्या फ्रिजनं? ठाऊक नाही. पण तिनं विश्वासानं पाहिलं आणि मी तिचा केसानं गळा कापला, एवढं ठाऊक आहे.

यंदा पुन्हा थेंब सुरू आहेत. शबानानं रोजे धरले नाहीत. कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच. घरात जावांसमोर खायची लाज वाटते, म्हणून दुपारी माझ्याकडं येते, दार लोटून घेते. काल पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली, "वैनी, अल्लाह माफ करंल ना मला?"

करेल, म्हणाले मी. आणि तिच्या ताटात भाजी वाढली.