दाढेखालचं भात

दोन दाणे दाढेखाली, कट्ट असा आवाज, आणि निकाल! पनवेलला आमची भातगिरणी होती. मालक मी, पण भात भरडायचं की परत धाडायचं हे ठरवायची मामांची दाढ. ओवे गावचे हे मामा वडिलांच्या वेळेपासून गिरणीत कामाला. मी तिशीचा, सदा घाईत. गिऱ्हाईक दारात उभं असताना मामा खुशाल सांगत, "आजून दोन उनां दे याला." ओलं भात भरडलं की तांदळाची कणी होते, हे मलाही ठाऊक होतं हो! पण टेम्पो सरळ दुसऱ्या गिरणीवर जायचा नि माझं डोकं फिरायचं. वैताग असा की मामा कधी चुकायचेच नाहीत.

साठीनंतर त्यांनी कवळी बसवली. चावणं चालूच. कवळीला काय कळणार, हे दिसत होतं, तरी मी गप्प बसलो. मग करंजाड्याच्या एका बाईंनी लेकीच्या लग्नासाठी राखलेलं भात मामांनी पास केलं नि निम्मी कणी झाली. बाई मूठभर कणी माझ्यापुढे धरून रडायलाच लागल्या. सगळ्यांदेखत मी ओरडलो, "मामा, दातांबरोबर अक्कलही काढून आलात का?" आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मामांनी चावणं सोडलं. चौकशा सुरू केल्या. कापणी कधीची? खळ्यावर सुकवलं की डांबरी रस्त्यावर, जिथं दाणा तापून आतून तडकतो? दव लागलं का? मग पोत्यात कोपरापर्यंत हात, मग वास. एकेका गाडीला दहा मिनिटं!

"मामा, सोयरीक जुळवताय का?" मी करवादायचो.

"दाढ व्हती तवा इचारायला लागत नव्हता. आता इचारल्याबिगर कसा सांगू?"

त्या हंगामात परत कुणाची कणी झाली नाही. पण मला मेल्याला फक्त रांग दिसायची.

मी मुंबईहून ओलावा मोजायचं यंत्र आणलं. दाणे टाकले की आकडा हजर. मामांनी ते लांबूनच पाहिलं. "मंग आता माजा काय काम?"

"आहे ना," एवढंच म्हणायचं होतं. मी मान वर न करता म्हणालो, "बसा आता निवांत." दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत.

पंधरवड्यात यंत्रानं पास केलेल्या भाताची कणी झाली; ओलाव्याचा आकडा मात्र बरोबर होता. नाक मुठीत धरून मी ओव्याला गेलो. मामा ओटीवर बसले होते. रागाचा एक शब्द नाही. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भात कनचे गावचा? सुकवला कुठं?"

मी कुणाला विचारलंच नव्हतं.