विश्रामबागेतला कुकर बघायला

बिनशिक्क्याचे कुकर दुकानांतून जप्त केल्याची बातमी मोबाईलवर वाचली आणि माझं जेवणावरचं लक्षच उडालं. नातीच्या, मनीषाच्या, लग्नात आम्ही दिलेल्या कुकरवर आयएसआयचा शिक्का होता का? आठवेना. आठवली ती फक्त आमची ही. फलटणच्या बाजारात एकेका कुकरवर बोट वाजवून म्हणाली होती, "ह्याचा आवाज चांगला हाय." लगेच नावही घालून घेतलं. आता ती नाही, विचारणार कुणाला?

सकाळच्या एसटीनं सांगलीला मनीषाकडं निघालो. दहिवडी, विटा, तासगाव असा रस्ता. जाणाऱ्यांनी डावीकडं बसू नये, ऊन तोंडावर येतं. विट्याला भजी खाल्ली, बरी होती. तासगावात बेदाण्याच्या शेडवरून येणारा आंबटगोड वारा लागला. ही असती तर पावशेर बेदाणे घ्यायला लावलेच असते. घेतले.

सांगली स्टँडवरून रिक्षानं विश्रामबागेत पोहोचलो, तर आतून शिट्टी!

"मनीषा, आधी गॅस बंद कर!"

"आवं आण्णा, पाणी तरी प्या! आन् झाकण वढू नका, वाफ हाय."

कुकर गार झाल्यावर चष्मा लावून पाहिला. नाव घालणाऱ्यानं ऐसपैस अक्षरात 'मनीषास आजीकडून' कोरलं होतं, ते नेमकं शिक्क्याच्या जागेवर. खाली काही होतं की नव्हतं, कळेना.

कुकर घेऊन दोघं कोपऱ्यावरच्या भांड्याच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "लायसनचा नंबर दिसला असता तर मोबाईलवर खरा-खोटा कळला असता. आता मोडीत घाला."

"मोडीत न्हाई," मनीषानं कुकर कडेवर घेतला. "आजीनं दिलाय."

"अगं, फुटला तर?"

"तुमी नवा घ्या. ह्यात मी तांदूळ ठेवते."

नव्या कुकरचा नंबर तिनं माझ्यासमोर तपासला. मी दोनदा तपासायला लावला. दुकानदार हसून म्हणाला, "आजोबा, तुमालाच सायेब करायला पायजे हुतं!" नाव मात्र या वेळी शिक्क्यापासून लांब, कडेला घालून घेतलं. काय घालू म्हणून त्यानं विचारलं, तर मनीषाच म्हणाली, "आजीकडूनच घाला."

जुनं झाकण मी पिशवीत घालून फलटणला आणलं. तिथं राहिलं तर घाईत लावेल, ही धास्ती. आता ते आमच्या मांडणीवर आहे. रबराला अजून वरणाचा वास येतो. घासायला काढतो आणि तसंच परत ठेवतो.