मांडीवरचा कोंबडा आणि निंबावरचा

एकोणसत्तर साली कुक्कुटपालनाचा कोर्स करून मी पारोळ्याजवळच्या एका खेड्यात नेमणुकीवर गेलो. माझं बोलणं भागाबाईंइतकं मन लावून गावात कुणीच ऐकत नसे. ऐकून झाल्यावर बहुतेक वेळा त्या मनातलंच करत, ही गोष्ट वेगळी.

एकदाच त्यांनी माझं मानलं. त्यांच्या कोंबडीनं बारा पिल्लं काढली, त्यातली सहा आम्ही टोपलीत कंदिलाच्या उबेला ठेवली.

"हाती वाढलेली पिल्लं माणसाळतात. धरायला सोपी," मी म्हणालो.

ते खरंच ठरलं. कोंबडीमागची पिल्लं सावली हलली की कुंपणात गडप होत आणि मोठी झाल्यावर निंबावर झोपायला जाऊ लागली. हातची मात्र भागाबाईंच्या पायात पायात हिंडत. घार आली तरी मान वर करून बघत राहत. दोन अशीच गेली.

सहाव्या महिन्यात निरोप आला: लग्नानंतर जावई पहिल्यांदाच येतोय. आता कोंबडा कापणं आलंच. नाहीतर लेकीला सासरी जन्मभर ऐकावं लागलं असतं.

तो यायच्या दिवशी सकाळपासून मी आणि शेजारचा भिकन निंबावरच्या कोंबड्यामागे धावलो. गोठा, उकिरडा, तीन घरांची सपाट मातीची धाबी. भिकनच्या हाती शेपटीची दोन पिसं लागली.

"हाऊ शे ना! याले कापा," तो हातच्या कोंबड्याकडे बोट दाखवत म्हणाला.

भागाबाईंनी नुसतं "ये" म्हटलं. कोंबडा धावत आला, मांडीवर चढला आणि डोळे मिटून बसला. भिकननं सुरी पुढे केली. भागाबाईंनी असं पाहिलं की ती आपोआप मागे गेली.

"भाऊ," त्या माझ्यावर घसरल्या, "तुना शास्त्रमा फक्त धरानं शे? कापानं काहीच नही?"

तेवढ्यात जावई रुपचंद दारात. खाटेवर टेकतो तोच कोंबडा त्याच्याही मांडीवर. सगळं ऐकून तो हसला.

"मांडीवरला कापीसन खावाना का, मामी? तो निंबवरला धरसू मी."

नवा सदरा काढून तो निंबावर चढला. कोंबडा एक फांदी वर गेला. रुपचंदही गेला. भागाबाई खालून पदर पसरून "उतरा, उतरा" करत राहिल्या. शेवटी कोंबडा शेजारच्या धाब्यावर उडाला आणि रुपचंद धोतर फाडून खाली आला.

चार भाकरी आणि ताटभर वांग्याचं भरीत त्यानं मुकाट्यानं संपवलं. मग हळूच म्हणाला, "मना घर सांगू नका, मामी. कोंबडा खाधा म्हनसू."

आठवड्यानं लेकीचं पत्र आलं, ते मीच वाचून दाखवलं. सासूबाई विचारत होत्या, रश्शात मसाला कोणता घातला होता?